सोयऱ्यांसाठी आणलेला जमखाना

अणदूरच्या गुंडाप्पा धनगराच्या हातचं घोंगडं नळदुर्गच्या बाजारात जितकं लोकरीवर खपे, तितकंच त्याच्या तोंडावरही खपे. गिऱ्हाइकानं घोंगडं उलटंपालटं करून नाक मुरडलं, की गुंडाप्पा थंडपणे म्हणे, "आमच्या घरी पाटील येऊ द्या न्हायतर फौजदार, बसायला हेच टाकतो." झालं. मग माणूस लोकर बघतच नसे. फौजदार ज्यावर बसतो ते आपल्या घरी हवं, एवढंच त्याच्या डोक्यात शिरे. लोकांची ही खोड गुंडाप्पानं पुरती ओळखली होती. आपल्यालाही तीच खोड आहे, हे मात्र त्याला पोरीच्या लग्नापर्यंत कळलं नाही.

पोरीचं नाव बानू. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती आणि मेंढरांमागं हिंडणाऱ्यांची पोरं शिकून नोकरीला लागत होती. बानूला मिळालेला भीमाशंकर त्यातलाच, तुळजापूरला कचेरीत कारकून. जावई कारकून म्हणून गुंडाप्पा आधी गावभर मिरवला आणि मग कचेरीतल्या माणसांना आपलं घर कसं दिसेल, याचा त्याला घोर लागला. शेजारच्या शांतलिंग वाण्यानं त्यात तेल ओतलं. "कचेरीतली माणसं येणार. घोंगड्यावर बसवलं तर धोतराला लोकर चिकटंल त्यांच्या. पोरीला जन्मभर मेंढरवाल्याची म्हणतील. आमच्या पोरीच्या लग्नात जमखाना होता, बघितलाव न्हवं?"

गुंडाप्पा मेंढरवालाच होता. त्याची लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. तो तडक सोलापूरला गेला आणि गिरणीचा लालभडक फुलाफुलांचा जमखाना घेऊन आला.

"सोयऱ्याला घोंगड्याबिगर बसवता?" सिताबाई, त्याची बायको, म्हणाली. "रीत हाय आपली."

"रीत मेंढरांपाशी. आता कारकून येणारेत."

त्यानं घरातली सगळी घोंगडी मागच्या खोलीत रचली आणि दाराला कडी घातली. एकेक घोंगडं उचलून हातात द्यायला बानूच होती.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. भीमाशंकरचा आजा, दगडोबा, जन्म मेंढरांमागं काढलेला माणूस, मांडवात शिरला आणि जमखान्याच्या काठाशीच थांबला. घोंगड्यावर बसल्याखेरीज ही जुनी माणसं सोयऱ्याच्या घरचं पानसुद्धा तोंडात घालत नाहीत.

"गुंडाप्पा, घोंगडं कुठं हाय?"

सगळा मांडव वळून बघू लागला. खरं सांगायचं तर कडी काढायचा अवकाश होता. पण शांतलिंग समोर बसला होता, कचेरीतले दोघे कारकून समोर होते. गुंडाप्पाच्या तोंडून बाजारातलाच आवाज निघाला. "काय सांगू आजा, माल उरतच न्हाय बघा. सगळी विकली गेली."

म्हातारा रागावला असता तर बरं झालं असतं. तो खूश झाला. "बरकत हाय म्हणायची तुमच्या हाताला," म्हणत त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं, जमखान्यावर अंथरलं आणि गुंडाप्पाला हाताला धरून शेजारी बसवलं. "वळखलं का? तुमच्याच हातचं हाय. किती पावसाळं काढलं, पर आत थेंब न्हाय आला. पोराला स्थळं लई येत हुती. म्या म्हनलं, असलं इनणाऱ्याच्या घरचीच पोर आणायची."

गुंडाप्पाच्या तळव्याखाली त्याचीच वीण होती. त्याला तिच्यावर हात ठेववेना आणि उचलवेनाही. कचेरीतले ते दोघे सरकत सरकत म्हाताऱ्याच्या घोंगड्यावर येऊन टेकले, तेव्हा तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जमखान्यावर शांतलिंग एकटाच ऐसपैस बसला होता. अजूनही सांगता आलं असतं. चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. गुंडाप्पानं तोंडात पान धरलं आणि ते गिळेपर्यंत जेवणाच्या पंगतीही उठल्या.

पाठवणीच्या वेळी बैलगाड्या जुंपल्या, सिताबाई पदरानं डोळे पुसू लागली. दगडोबा बानूपाशी आला.

"उद्या जोडीला खंडोबाला नेणार. तिथं म्हायेरच्या घोंगड्यावर बसवत्यात नव्या नवरीला. का गं पोरी, बापानं तुझ्यापुरतं एक बी मागं ठेवलं न्हाय?"

गुंडाप्पानं पोरीकडं पाहिलं. तिनं खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं, आणि सांगेल की काय अशी भीतीही वाटली. बानूनं बंद खोलीकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"न्हाय आजा," ती म्हणाली. "एक बी ऱ्हायलं न्हाय."

सासरच्या माणसाशी ती बोलली ते हे पहिलंच.