वर इंजिन, खाली डिझेल

हसणार नसाल तरच सांगतो. आणि तो कप आधी खाली ठेवा, अंगावर सांडेल.

माझ्या जुन्या जीपचा तापमानाचा मीटर बंद पडला होता. डिझेलचा चालू होता. म्हटलं, दुसरा मीटर हवाच कशाला? मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, एक खटक्याचा स्विच आणला आणि एकाच काट्याला दोन्ही सेन्सर जोडले. खटका वर केला की इंजिन किती तापलंय ते दिसणार, खाली केला की डिझेल. तपासूनही पाहिलं बरं का! दोन्हीकडे काटा तळाशी. बरोबरच होतं की! इंजिन गार, टाकी रिकामी.

दुसऱ्या दिवशी राहात्याला भाचीचा साखरपुडा. नवरी माझ्याच गाडीतून जाणार, हा माझा हट्ट. पुढे माझी बायको, मागे शालूतली भाची पूजा आणि तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. देवळाली प्रवरेच्या पंपावर टाकी फुल केली आणि निघालो.

गाव मागं पडलं आणि सहज काट्याकडं नजर गेली. खटका वर. काटा पार शेवटच्या टोकाला!

इंजिन उकळतंय! घाईघाईनं खटका खाली केला. काटा तळाशी! आत्ता भरलेली टाकी रिकामी? म्हणजे डिझेल गळतंय! वर तापलेलं इंजिन, खाली गळकी टाकी, आणि मधे नवरी!

करकचून ब्रेक दाबला. "उतरा! गाडी पेटणार!"

"धूर कुठंय?" बायको म्हणाली.

"धूर दिसल्यावर पळायला वेळ राहतो का?"

"वास बी न्हाई येत."

"अगं, उतर म्हणतो ना!"

अक्काचे गुडघे दुखरे. तिला हाताला धरून ओढलंच. पूजानं शालू वर खोचला आणि उसाच्या कडेनं काय पळाली म्हणता! आम्ही लांब उभं राहून जीपकडं बघतोय. जीप काही पेटेना.

"मी जवळ जाऊन बघते," बायको म्हणाली.

"खबरदार!"

"आरं, तिकडं मुहूर्त चाललाय!" अक्का रडकुंडीला आली.

एवढ्यात उसाची रिकामी ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला. काय करता? नवरी चढली ट्रॉलीत. धुळीनं माखलेली, डोक्यात पाचट, अशी आमची वरात मांडवासमोर उतरली. सगळा मांडव उठून उभा!

मी घाम पुसत म्हणालो, "वेळीच ध्यानात आलं माझ्या, न्हाईतर आज लई मोठा अनर्थ हुता!"

लोकांनी मला खुर्ची दिली. पाणी दिलं. वर इंजिन, खाली डिझेल, सगळं समजावून सांगितलं मी. नवरदेव स्वतः मोटारसायकलवर मित्राला घेऊन जीप बघायला गेला. माझा जीव टांगणीला. पोराला काही झालं तर?

थोड्या वेळानं हॉर्न वाजला. नवरदेव माझी जीप चालवत आत आला.

"मामा, टाकी काठोकाठ हाय. गाडी मस्त चालती. खटका तेवढा उलटा जोडलाय तुमी. दांडी वर केली की आतून खालची तार लागते. वर डिझेल दावतोय, खाली इंजिन. ते तर अजून तापलंबी नव्हतं."

मांडवात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

नवरदेवाच्या आईनं अक्काला बाजूला घेतलं. हळूच विचारलं, पण मला ऐकू आलंच.

"हे नवरीचे सख्खे मामा का हो?"

मला कडेवर घेऊन वाढवलेल्या माझ्या थोरल्या अक्कानं डोळ्याची पापणीसुद्धा न लववता सांगितलं,

"छे वो! लांबचे हायेत. लई लांबचे."