बाळापूरचा एक्सल

आईच्या सायकलीचा एक्सल गेला तेव्हा मी अकोल्यात होते, आणि हे काम फार तर आठवड्याचं आहे असं मला वाटलं होतं. एक्सल म्हणजे दोन पायडलांच्या मधला, खालच्या नळीतून आरपार जाणारा लोखंडी दांडा. मी एका दालमिलचं स्टोअर सांभाळते. बेअरिंग, पट्टे, चाळण्या, नट-बोल्ट. कोणता माल कुठं मिळतो, कधी येतो, नाही आला तर त्याच्याऐवजी काय चालतं, हे माझं रोजचं काम. एका सायकलीचा एक पार्ट आपल्याला सापडणार नाही हे माझ्या मनातही आलं नाही.

सायकल लेडीज, काळी, बुटकी. चांदूर रेल्वेच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आईनं घेतलेली. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. आई ठेंगणी आहे, आणि या सायकलीच्या सीटवर बसून तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. सत्तरी ओलांडल्यावरही ती अमरावतीत रोज सकाळी सायकलवर भाजीला जायची ते एवढ्यासाठीच. राहते ती माझ्या धाकट्या भावाकडे.

भाजी हे सांगण्यापुरतं. ती जायची मावशीकडे.

मावशी कंबर मोडल्यापासून अंथरुणाला खिळली आहे. तिचा मुलगा आणि माझा भाऊ पूर्वी संत्र्याच्या धंद्यात भागीदार होते. वरूडकडे बागा झाडावरच घ्यायचे आणि माल भरून पाठवायचे. पुढं भागी तुटली आणि तिच्याबरोबर बोलणंही. कोण खरं, कोण खोटं, यात मी पडत नाही. दोघांनीही मला आपापली बाजू कंटाळा येईपर्यंत ऐकवली आहे. दोन्ही घरांचं येणंजाणं संपलं, लग्नाच्या पत्रिकासुद्धा बंद झाल्या. चालू राहिली ती एकटी आईची सायकल. ती मागच्या बोळात उभी राहायची. आई मागच्या दारानं आत जायची, मावशीची वेणी घालायची, तिला चहा पाजायची आणि पिशवीत मेथी-पालक घेऊन घरी यायची. माझ्या भावाला हे ठाऊक होतं. मावशीच्या मुलालाही ठाऊक होतं. कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे आईला कोणाशी खोटं बोलावं लागत नव्हतं. आमच्याकडे भांडण मिटवण्याची कला कोणाला नाही; न पाहिल्यासारखं करण्याची मात्र सगळ्यांना आहे.

मावशीचं घर आईला पायी गाठण्याइतकं जवळ नाही, म्हणून सायकल बंद पडली तशी मी तिला ऑटोनं जायला सांगितलं. ती एकदाच गेली. ऑटो मागच्या बोळात शिरत नाही, तो पुढच्या दारासमोर थांबला. मावशीचा मुलगा ओट्यावर बसला होता. त्यानं आईला विचारलं, "मावशी, आज गाडी करून आली. पोरानं पाठोलं काय?" आई पिशवी सावरत आत गेली. इकडं घरी भावाच्या शेजाऱ्यानं तिला ऑटोत बसताना पाहिलं होतं, त्यानं सहज विचारलं, आई गावाला गेल्या का. मग भावाला घरात विचारावंच लागलं. आईला खरं सांगावं लागलं. त्यानंतर तो बरेच दिवस आईसमोर ताटावर बसला नाही. जेवण खोलीत मागवायचा. मागच्या दारानं आलेली बहीण दोघांनाही चालत होती. पुढच्या दारात उतरलेली बाई म्हणजे त्या घरचा माणूस या घरी आला, असा हिशेब झाला.

नवी सायकल घेऊ म्हटलं तर आई नको म्हणाली. नवीला पाय पुरत नाहीत हे एक कारण. दुसरं तिनं फोनवर हळू आवाजात सांगितलं, "नवी घ्याची म्हटलं तं घरात विषय निघते. जुनी दुरुस्त कराले कोणाले काय विचारा लागते?" म्हणून एक्सल. दुसरा मार्ग नव्हता.

सायकल भावाच्या घराजवळच्या मिस्त्रीकडे उभी केली होती. मी रविवारी अमरावतीला जाऊन जुना एक्सल नमुना म्हणून काढून आणला, पॉलिथिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवला, आणि दुकानांची यादी केली. आधी अमरावती, मग अकोला, मग जिथं कोणी सांगेल तिथं.

अमरावतीच्या मोठ्या दुकानांत आता सायकली मांडलेल्या नसतात, टांगलेल्या असतात. जाड टायर, भडक रंग, गिअर. काउंटरवरच्यानं माझा एक्सल हातातही घेतला नाही, हात काळा होईल म्हणून. आजींना आता घरातच व्यायामाची सायकल घेऊन द्या, असा सल्ला मात्र दिला. छोट्या दुकानांत एक्सल होते, भरपूर होते, पण या कंपनीची नळी इतरांपेक्षा अरुंद. बाजारातला एक्सल घातला की बाहेर जास्त येतो आणि साखळी उतरते. एका दुकानदारानं कापून बसवू म्हटलं. मी विचारलं, कापल्यावर पायडलाची पिन बसायची खाच कुठून आणणार? तो म्हणाला, "एवढं पाहालं तं दुकान कसं चालन, ताई?"

अकोल्यात टिळक रोडच्या एका दुकानदारानं नमुना ठेवून घेतला, नागपूरच्या व्यापाऱ्याला दाखवतो म्हणाला. पुढं तो नमुना कुठं गेला हे त्याला आठवेना. त्यानं मला माफी मागितल्यासारखा चहा पाजला. नमुना हरवला म्हणजे शोध संपला, कारण या धंद्यात तोंडी सांगितलेल्या मापावर कोणी फळीवरून डबा खाली काढत नाही. नशीब, मी सवयीनं एक्सलचं माप व्हर्नियरनं घेऊन लिहून ठेवलं होतं आणि मिलच्या फिटरकडून तेवढ्या लांबी-जाडीचा लोखंडी तुकडा करून घेतला. तो नमुना म्हणून घेऊन फिरले.

आई रोज संध्याकाळी फोन करायची. पूर्वी ती स्वतःहून क्वचितच करायची. आता पहिला प्रश्न हाच: आज कुठं गेली होती, त्यानं काय म्हटलं? कोणत्या दुकानात काय मिळालं नाही हे ती बारकाईनं विचारायची. मला बरं वाटायचं. भावाला विचारलं की तो म्हणायचा, मिस्त्रीकडं आहे, पार्ट आला की बसवून घेऊ.

शेवटी एक्सल मिळाला बाळापूरला. तिथं एका जुन्या दुकानाचे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणतात, दुकान आवरत होते. मुलगा मोबाइलचं दुकान टाकणार होता. माझा लोखंडी तुकडा त्यांनी तळहातावर तोलला, मागं जाऊन एक गंजका पत्र्याचा डबा आणला आणि ग्रीस लागलेल्या कागदात गुंडाळलेला एक्सल काढला. नळीच्या दोन्ही तोंडांना बसणारे कपसुद्धा होते. तोच माल. मी पर्स उघडली.

"एक नग नाही देत ताई," ते म्हणाले. "घ्याचं तं पूरा डबा उचला. तुमी निवडून नेता, बाकीचं मी काय कबरीत नेऊ?"

डबा म्हणजे खरं तर तीन-चार डबे आणि एक पोतं. ब्रेकचे रबर, सीटच्या स्प्रिंगा, घंट्यांच्या वाट्या, पायडलाच्या कॉटर पिना, डायनॅमोच्या टोप्या, दोन मडगार्ड. मी घासाघीस केली, ते हलले नाहीत. पोतं घेऊन मी एसटीत बसले तेव्हा कंडक्टरनं भंगाराचं लगेज लावलं. त्याची पावती फाडताना तो हसत होता. मला त्याचं काही वाटलं नाही. पार्ट माझ्याजवळ होता.

आईला फोनवर सांगितलं नाही. थेट घेऊन जाऊ असं ठरवलं.

अमरावतीला मी घरी न जाता आधी मिस्त्रीकडे गेले. सायकल दिसेना. मला वाटलं, आत ठेवली असेल. तो पंक्चर काढत होता, काढतच राहिला.

"ते तं खोलली ताई. तुमच्या भावानंच सांगतलं, कामाचं असन ते काढून घे. चाकं एका दूधवाल्याले लावली. सीट गेली. फ्रेम भंगारवाला घेऊन गेला."

कधी, असं मी विचारलं. तो म्हणाला, लय दिवस झाले. त्याची यात चूक होती असं मला आजही म्हणता येत नाही. कोणी सोडून दिलेल्या सायकलीचे भाग दुसऱ्या सायकलींना लावूनच अशी दुकानं चालतात. मग तो सहज म्हणाला, "बाई येऊन पाहून गेल्या ना. पायी पायी आल्या होत्या. मी त्यायले टोपली देऊन राहिलो होतो समोरची, त्यायनं नाही घेतली."

बाई म्हणजे आई. त्या भागातले सगळे तिला बाईच म्हणतात.

घरी पोचले तेव्हा भाऊ जेवायला आलेला होता. मी पोतं दारातच ठेवलं आणि विचारलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं शांतपणे हात धुतले आणि म्हणाला, "ताई, आई त्या ट्रॅफिकमधी पडली असती तं तू अकोल्याहून बेडपॅन द्याले आली असती काय?"

मावशीचं नाव त्यानं घेतलं नाही. मीही घेतलं नाही. ते घेतलं असतं तर त्या दुपारी आमचंही बोलणं तुटलं असतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. आई स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. भाऊ गेल्यावर मी तिला विचारलं, मला का सांगितलं नाहीस? मी उन्हातान्हात गावोगाव फिरत होते.

"सांगतलं असतं तं तू त्याच्याशी भांडली असती," ती म्हणाली. "मग मावशीचा विषय निघाला असता. अन् तिकडं मी तिले रोज फोनवर काय सांगू? तू शोधून राहिली होती तं सांगता येत होतं. आज पोरगी अकोल्यात पाहून राहिली, उद्या बाळापूरले जाते. मावशी वाट पाहे."

मी कागद उलगडून एक्सल तिच्यासमोर धरला. तिनं तो हातात घेतला, पदरानं पुसला आणि परत दिला. कपाटात ठेवायला जागा नाही म्हणाली.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. तिची फोनची वेळ दुपारचीच. आईनं माझ्याकडे पाहत फोन उचलला. मावशीचा आवाज मोठा आहे, मला ऐकू येत होता. काय झालं सायकलीचं, मिळालं का ते?

"मिळालं व," आई म्हणाली. "पोरीनं आणलं. पण आता त्याचे छर्रे नाहीत म्हणते मिस्त्री."

एक्सलचे छर्रे, म्हणजे कपात बसणाऱ्या बारीक लोखंडी गोळ्या, कोणत्याही दुकानात वाटीनं मिळतात. मावशीला ते काय माहीत. ती म्हणाली, मग सांग पोरीले, नीट पाहून आण, घाई नोको करू.

पोतं मी संध्याकाळच्या बसनं परत अकोल्याला आणलं. मिलच्या स्टोअरमध्ये मागच्या रॅकवर ठेवलं आहे. आई अजून रोज फोन करते. इकडचं तिकडचं बोलून झालं की आवाज खाली करून विचारते, "छर्रे झाले, साखळी झाली. आता कोणतं नाही म्हणून सांगू?" मी रॅककडे पाहते आणि तिला एकेक नाव देते. कालच कॉटर पिन दिली.