चिमणीचं घर कुठल्या डब्यात?

परवा शनिवारी सकाळी आमच्या गेटवर, कचरागाडीसमोर माझी पार फजिती झाली... सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आधी थोडं मागचं. मी दिवसभर बँकेत असते आणि उरलेल्या वेळात कविता करते. काल रविवारी आमच्या मराठी मंडळाची बैठक होती, विषय 'आजची कविता आणि निसर्ग'. प्रत्येकाने नवी कविता आणायची, असं मंडळाच्या देशपांडेकाकांनी बजावलं होतं.

मी चिमणीवर लिहायला घेतली. 'कुठे गेलीस गं चिमणे, सोडून आमची भिंत' अशी सुरुवात. मग मोबाइल टॉवर आले, बिल्डर आले, शेवटी 'निष्ठुर माणूस' आला... लिहिताना माझे मलाच डोळे भरून आले, खरंच.

त्याच आठवड्यात बाल्कनीत एक वैताग सुरू होता. जुन्या एसीच्या पाइपचं भिंतीत भोक आहे, त्यात रोज काड्या, पानं, दोरे, कापूस जमायचा आणि निम्मा खाली सांडायचा. कबुतरांचा उपद्व्याप असणार असं मी धरून चालले आणि चार दिवस रोज सकाळी सगळं उपसून पिशवीत भरलं. कोण आणतंय ते बघायला वेळ कुणाला होता? मार्च एंड ना!

तर परवा गाडी आली. गाडीवर रेखादीदी असतात, इथल्या इंदूरजवळच्या हातोद गावाकडच्या, कामाला एकदम कडक. मी ती काड्यांची पिशवी 'सूखा', म्हणजे सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. म्हणाल्या, हिरवी पानं आहेत, म्हणजे गीला, ओला कचरा. मी म्हटलं, काड्या वाळलेल्या आहेत, सूखा. शेजारचे जोशी भिया (इंदुरी बोलीत भैया) पोहे आणायला निघाले होते, तेही थांबले आणि अलग-अलग करून टाका म्हणाले. आणि मी शहाणी, खरोखर तिथेच काड्या आणि पानं निवडायला बसले... इंदूरवालेच करू जाणोत हे!

तेवढ्यात दीदींनी पिशवीतला गोळा हातात घेऊन उलटा केला. आतून मऊ, वाटीसारखा गोल.

"मॅडम, ये तो चिड़िया का घर है," त्या हळूच म्हणाल्या. "अंडे देने वाली होगी बेचारी. आप ही ने निकाला?"

म्हणजे कबुतर नव्हेच, चिमणी! 

तो गोळा घेऊन मी वर पळाले. बँकेत उशिरा येते म्हणून कळवलं, घरटं भोकात परत बसवलं आणि दारामागे लपून उभी राहिले. चिमणी आली... माझं बांधकाम निरखलं... आणि एकेक काडी ओढून सरळ खाली फेकून दिली. मग भुर्रकन निघून गेली.

तासभर ती आलीच नाही. मी अगदी रडायच्या बेतात आले. आता ही कायमची जाणार आणि माझी कविता खरी होणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

...आणि आली! चोचीत एकच काडी. बाईसाहेबांनी पहिल्यापासून काम सुरू केलं, जसं काही झालंच नव्हतं. मी दारामागे एकटीच हसत आणि डोळे पुसत उभी.

काल मंडळात कविता वाचलीच नाही, हा किस्साच सांगितला. लोक पोट धरून हसले. मग मी म्हटलं की आपण सगळे निसर्गावर इतकं रडतो, पण आपल्या कवितेतला दोषी माणूस नेहमी दुसराच कुणीतरी असतो. माझ्या कवितेतला तर रोज सकाळी झाडू घेऊन माझ्याच बाल्कनीत उभा होता. देशपांडेकाका म्हणाले, पुढच्या महिन्यात लिहायच्या आधी सगळ्यांनी आपापल्या घरातली भोकं बघून या.

आज सकाळी चिमणीने एक पांढरं पीस आणलं. खाली नुसता पसारा पडलाय, हात शिवशिवतायत, पण झाडू मी दुसऱ्या खोलीत ठेवलाय.

रेखादीदी, मनापासून थँक यू. तुमच्यामुळे माझी कविता खोटी ठरली... आणि चिमणी राहिली.