तिच्या डोक्याचा कागद

साठ-बासष्ट साल असेल. नंदुरबारला आमच्या डॉक्टर संघटनेचा वर्धापन दिन होता. फिट येणाऱ्याच्या मेंदूचा आलेख काढून दाखवायला मुंबईचे एक डॉक्टर यंत्र घेऊन आले होते. पेशंट म्हणून रनाळ्याची एक बाई मीच नेली होती.

मोठ्या माणसांत जायचं म्हणून ती तेल थापून, चापूनचोपून वेणी घालून आली. तेलावर यंत्राच्या तारा चिकटेनात. मुंबईचे पाहुणे करवादले. तिने मुकाट्याने नळावर साबणाने केस धुतले आणि उघड्या, ओल्या डोक्याला तारा लावून घेत भरल्या सभेत ताठ बसली.

आलेखाचा कागद आमच्यात हातोहात फिरला. इंग्रजीत चर्चा रंगली. त्यात तिचं नावसुद्धा नव्हतं. मीही सांगितलं नाही.

"डोकं मन्हं शे," ती अहिराणीत कडाडली. "पहिले माले दखाडा!"

पाहुण्यांनी टोकदार रेघांवर बोट ठेवलं. "फिट इथून येते."

"मंग भूत कोठे शे?"

"भूत नाही, बाई. आजार आहे."

"सासरना लोके भूत म्हनतस, घरमा लेतस नही. आठेच लिखी द्या. मराठीमा."

आलेखाच्या कागदावरच तसं लिहून पाहुण्यांची सही होईपर्यंत तिने डोक्यावरच्या तारा काढू दिल्या नाहीत.