पगारवाढ नको असलेला माणूस

लोणावळ्याच्या पुढे कधी न गेलेल्या माणसाला साऱ्या जगाचे दवाखाने तोंडपाठ असू शकतात, हे मला आमच्या ग्राइंडरवाल्याने शिकवलं. चाकणच्या आमच्या कारखान्यात तो चौदा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता. त्याच्यासमोर कुठल्याही देशाचं नाव काढायची सोय नव्हती. क्रिकेटमध्ये इंग्लंड हरलं म्हणून आपण खूश व्हावं, तर हा डबा उघडता उघडता म्हणणार, "हरू द्या की राव. पण तिथं म्हातारं माणूस आजारी पडलं तर पैशे भरल्याची पावती कुणी मागत न्हाई. नंबर लागायला वेळ लागतो, एवढंच." कुणाचा पुतण्या अमेरिकेला निघाला, की अभिनंदन राहिलं बाजूला, "तिथं नुसती ॲम्ब्युलन्स बोलावली तरी घर विकायची पाळी येती, त्याला म्हणावं जिने जपून उतर." डेन्मार्क तर त्याला सासुरवाडीसारखं. तिथली माणसं पगाराचा मोठा हिस्सा करात देतात आणि वर कुरकुर करत नाहीत, हे तो घरच्या माणसांचं कौतुक सांगावं तसं सांगायचा. "आपण काय कर भरत न्हाई व्हय? काडेपेटीवर भरतो, साबणावर भरतो. बदल्यात काय मिळालं, तेवढं विचारायचं न्हाई." आम्ही पोट धरून हसायचो. हसायला आमचं काय जात होतं?

एकदा नवीन मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला. सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले, याने विचारलं, "टॅक्स हाऊ मच?" बिचाऱ्याने हवेत हात फिरवून पगार अर्धा कापून दाखवला. "अँड हॉस्पिटल?" जर्मनाने पाकिटातून विम्याचं कार्ड काढलं. आमच्या माणसाने ताबडतोब आपलं कामगार विम्याचं कार्ड काढून त्याच्या शेजारी धरलं आणि छाती काढून म्हणाला, "सेम टू सेम!" जर्मनाने दोन्ही कार्डं उलटसुलट पाहिली. आमच्या कार्डावर तेलाचे डाग होते.

ते कार्ड म्हणजे त्याच्या आईचा जीव होता. तिला दर महिन्याला एक महागडं इंजेक्शन लागायचं आणि ते विम्याच्या दवाखान्यात फुकट मिळायचं. रांग लांब, खिडकीवरचा माणूस तुसडा, पण मिळायचं. मात्र पगार एका मर्यादेच्या वर गेला, की कार्ड बंद. मग कंपनी मेडिक्लेम देते. त्यात बायको-पोरं बसतात, आईबाप बसत नाहीत. ज्यांनी हा नियम केला, त्यांना बहुधा आईबाप नसावेत.

पगारवाढीचा करार ठरत आला तेव्हा मी युनियनच्या कमिटीत होतो. याने चक्क लेखी अर्ज दिला, 'मला पगारवाढ देऊ नये, ही नम्र विनंती.' ऑफिसातल्या मॅडमना वाटलं, कुणीतरी थट्टा केली. कमिटीतही हशा पिकला. मग तो माझ्याकडे आला. "माझ्यापुरतं वगळा की राव."

"भावा, एकासाठी सगळ्यांचा करार अडवू का?" मी म्हणालो. माझं बरोबरच होतं. अजूनही बरोबरच वाटतं.

करारावर माझी सही झाली. गेटवर हलगी वाजली, कुणीतरी याच्याही कपाळाला गुलाल फासला. तो तसाच जाऊन मशीनवर उभा राहिला.

पगार वाढला तरी कार्ड काही महिने चालतं; ती मुदत संपायच्या आत त्याने कायमची नोकरी सोडली आणि जवळच्याच एका शेडमध्ये ठेकेदाराकडे कार्डाच्या मर्यादेत बसणाऱ्या कमी पगारावर लागला. ज्याने ग्राइंडिंग केलेला एकही भाग कधी खराब म्हणून परत आला नाही, तो माणूस आता खोकी बांधतो. आईच्या औषधासाठी माणसाला मुद्दाम गरीब व्हावं लागतं, असा दुसरा देश असलाच तर त्यालाच माहीत असणार. पण तो आता देशांबद्दल बोलत नाही. मी मुद्दाम डेन्मार्कचा विषय काढून पाहिला, तर म्हणाला, "लांब हाय ते," आणि बस पकडायला निघून गेला.

गेल्या महिन्यात काळेवाडीला त्याच्या घरी गेलो. दारातच त्याने मला थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आईला सांगितलंय, कंपनीनं काढलं. खरं कळलं तर ती इंजेक्शन घेणं बंद करील."

आत म्हातारी पलंगावर बसली होती. तिने मला नीट ओळखलं. "तुमी युनियनवालं ना? चौदा वरसं राबलं माझं लेकरू. तुमी एवढी माणसं, अन् तुमास्नी एकाला वाचवता आलं न्हाई?"

तो आमच्याकडे पाठ करून चहा गाळत होता.

"नाही जमलं, आई," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. मग मुलाला म्हणाली, "त्येंच्या च्यात साखर घाल जरा जास्त. त्वांड उतरलंय त्येंचं."