व्याह्यांच्या तोफांचा निळा

तापलेल्या लोखंडाकडे आमच्या व्याह्यांइतक्या प्रेमानं जगात कोणीच पाहिलं नसेल. स्वतःच्या बायकोकडे तर त्यांनीही नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ दिवाळीत कानात कापूस घालून मागच्या खोलीत बसतात, आणि उरलेलं वर्षभर बोटाएवढ्या तोफा न् बंदुका रंगवतात. नव्याकोऱ्या नव्हे हं, नुकत्याच डागलेल्या! "नळी तापली का आधी गवती पिवळी, मंग तपकिरी, मंग जांभळी, अन् शेवटी निळी होते. पण निळा कसा, नुसता भास झाल्यावानी पाहिजे," असं ते जेवताना सांगतात. तोवर आपलं वरण निवून जातं.

सोयरिकीच्या बोलणीसाठी आम्ही सक्करदऱ्याला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत असे. माझी सारी बुद्धी भांडी घासण्यात खर्च होई. पातेल्यात स्वतःचं तोंड दिसलं की जन्माचं सार्थक वाटे. तोंड काही एवढं पाहण्यासारखं नव्हतं. काचेच्या कपाटातल्या त्या डागाळलेल्या तोफा बघून मला त्या घरच्या बायकांची कीवच आली. जरीचा पदर सावरत मी म्हणाले, "चिंच लावून घासा ना, लख्ख निघतात." व्याही दोन्ही हात पसरून कपाटासमोर उभे राहिले, जणू मी चिंच पर्समध्ये घेऊनच आले होते! सोयरीक तुटता तुटता वाचली. परतताना आमच्या यजमानांनी रिक्षात बजावलं, "यापुढे त्या घरी फक्त वा-वा म्हणायचं." मी इतकी आज्ञाधारक, की नातवाला मिसरूड फुटलं तरी वा-वाच म्हणत राहिले. व्याह्यांच्या घरी दुसरं कोणी काही म्हणतही नसे.

बाहेर मात्र त्यांना कोणी असं जपत नसे. सिग्नलला उभ्या मोटारसायकलचा सायलेन्सर दिसला की ते थेट वाकत. एकदा एक पोरगा घाबरून म्हणाला, "काका, काय झालं? चालान फाडता का?" हे म्हणाले, "नाही गा, तुया निळा पाहून राहिलो."

पुढे पुढे मात्र ते सायलेन्सर पाहीनासे झाले. "रंग आता माह्या डोक्यात बसले," म्हणायचे. आणि तोफा निळ्या, अधिक निळ्या होत गेल्या. शेवटी शेवटी तर कपाटात मोरांचा थवा उतरल्यागत दिसे. आम्ही म्हणायचो, वा-वा!

मोतीबिंदूत निळा फिका दिसतो म्हणे; यंदा त्यांचं त्याचंच ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली तसं त्यांनी कपाट उघडलं, आणि ब्रश गुंडाळून ठेवले. लेकीचा फोन आला, "आई, बाबा बोलून नाही राहिले कोणाशीच." मी गेले.

"विहीणबाई, हे इतकं निळं तुम्हाले दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"व्याह्याच्या घरी भाजीत मीठ जास्त झालं, तर कोणी सांगते का हो?"

ते हसले नाहीत. "मी काय इतकी वर्षं मीठच खाऊ घालत होतो का तुम्हाले?" म्हणाले. मीच ब्रशची गुंडाळी सोडली आणि म्हटलं, "रंगवा. या खेपेला मी बोलीन."

तेव्हापासून दुपारी जाऊन बसते. "जास्त झाला," म्हणते, ते पुसतात. "अजून जास्त आहे," म्हणते. ते मला मनातल्या मनात काहीबाही बोलतात आणि पुन्हा पुसतात. परवा एक तोफ पुरी झाली. खिडकीपाशी तिरपी धरली तेव्हा नळीच्या टोकाशी निळा दिसला, आणि सरळ केली तर गेला.

"सुंदर झाली हो," मी म्हटलं. अगदी खरं म्हटलं.

त्यांनी तोफेकडे पाहिलं नाही. ही पुन्हा वा-वा तर नाही ना, हे ताडत ते कितीतरी वेळ माझ्याच तोंडाकडे बघत राहिले.