ललिताबाईच्या मोबाईलचा गळा

"माहा गळा त गेलाच, आता मोबाईलचा त बसवू नोको."

तीन वर्षांपूर्वी गोंदियातल्या एका मोबाईलच्या दुकानात ललिताबाई हे बोलली होती. बोलली म्हणजे कुजबुजली. दुकानदार नवा फोन दाखवताना त्याचा आवाज कमी करत होता. तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली. दुकानदार हसला. तिचा मुलगा राजदीप शेजारी उभा होता, तोही हसला, आणि मग विसरून गेला.

त्याला ते आठवलं मार्चच्या शेवटच्या मंगळवारी. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. राईसमिलच्या ऑफिसात त्यानं नुकताच कॉम्प्युटर सुरू केला होता. फोन आला. गावचा मनिराम होता.

"राजदीप, भालूनं धरलन. गोंदियाले आनून राहिलो, दवाखान्यात. तुही माय..."

आणि रेंज गेली.

सालेकशाच्या पुढे जंगल लागलं की रेंज अशीच जाते, हे राजदीपला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्यानं सात वेळा फोन लावला. मग तो तसाच उठला. ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, "क्या हुआ भाई?" मोटरसायकलची किल्ली खिशात असताना तो ती टेबलावर शोधत होता.

मायला अस्वलानं धरलं. त्याच्या डोक्यात एवढंच होतं आणि ते पुन्हा पुन्हा पहिल्यांदाच कळत होतं.

त्यांच्या गावात मोहाची झाडं वाटलेली आहेत. कागदावर नाही, तोंडी. हे झाड उदारामच्या घरचं, नाल्याकाठची दोन मनिरामची, टेकडीखालची तीन ललिताबाईची. फुलं झुंजुरक्याला गळतात, म्हणून बाया अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही फुलं आवडतात आणि तेही त्याच वेळी येतं. म्हणून कुणी डबा वाजवतं, कुणी जाळ करतं. ललिताबाई गायची.

तिचा आवाज असा होता की नाल्यापलीकडच्या बाया तिच्या आवाजावर वेचत. जयंतीच्या कार्यक्रमात माईक बंद पडला तरी तिचं अडत नसे. ती गात असली की सगळं बरोबर आहे. ती थांबली की तिची टोपली भरली. मग सगळ्यांनी कंबर सरळ करायची, टोपली डोक्यावर घ्यायची आणि तिच्या झाडाखाली जमून एकत्र घरी निघायचं. हा नियम कुणी केला नव्हता. पंचवीस वर्षं तो चालत होता.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आवाजही गेला. उरली ती नुसती हवा, दाराच्या फटीतून येते तशी. त्या वर्षी तिनं डबा वाजवून पाहिला. एका हातानं डबा वाजवला तर वेचायला एकच हात उरतो. पुढच्या हंगामाआधी तिनं राजदीपकडून मोबाईल घेतला, आणि नवी सून जशी सासरचे सगळे डबे उघडून पाहते तशी त्या मोबाईलची एकेक खोली उघडून पाहिली. सातवी शिकलेली बाई. मोबाईल मराठीत करून घेतला, अक्षरं मोठी केली. रिंग पूर्ण, बटनांचा आवाज पूर्ण, फोन आला की मागचा दिवा लुकलुकणार. पडदा अर्धा तास विझणार नाही. आणि पहिल्या पानावरची सगळी चित्रं काढून मधोमध एकच ठेवलं, व्हिडिओचं. अंधारात अंगठा नेमका तिथंच पडावा म्हणून.

त्या व्हिडिओत दोन गायनपार्ट्यांचा मुकाबला होता, सवाल-जवाबाचा, तीन तासांचा. गावात रेंज असताना तिनं तो उतरवून ठेवला होता. मोबाईल पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि वेचायला वाकायची. शेजारच्या झाडाखालून मनिरामची बायको प्रेमिला ओरडायची, "बाई, सारे सवाल मले पाठ झाले! आता जवाब मीच देऊन राहिली!" ललिताबाईला हसता यायचं, उत्तर देता यायचं नाही. गाणं थांबलं म्हणजे निघायचं, हे मात्र पूर्वीसारखंच राहिलं.

दवाखान्याच्या दारात गावची जीप उभी होती. मागच्या फळीवर रक्त होतं आणि त्या रक्ताला मोहाची फुलं चिकटली होती. राजदीप तिथं थांबला. त्याला आत जायचं नव्हतं. पाय मात्र गेले.

व्हरांड्यातल्या बाकावर ललिताबाई बसली होती. लुगड्याचा पुढचा भाग सगळा लाल. बोटं लाल. मान ताठ, डोळे उघडे.

"माय!"

तिनं मान हलवली. मी नाही, असं. मग आतल्या दाराकडे बोट केलं. "प्रेमिला."

राजदीप तिच्या पायांशी बसला. त्याला जे वाटलं ते सुख होतं, आणि त्याचीच त्याला शिसारी आली, कारण समोरच्या भिंतीला टेकून मनिराम उभा होता. अंगात बनियन, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही.

जीपमधून आलेल्या दोन बाया बाजूला उभ्या होत्या. त्यांचं बोलणं हळू होतं, पण ऐकू जाईल इतपतच हळू.

"झोप लागली असन. लेकाकडे आठ दिस बाळाचं जागरन केली."

"नाहीतं बॅटरी वाचवत असन."

"पन बंद त केलीच ना गानं. प्रेमिला बिचारी उठली. समजली का निघाचं आहे."

एवढ्यावरून राजदीपला सगळं दिसलं. गाणं थांबलं. प्रेमिलानं टोपली डोक्यावर घेतली आणि रोजच्यासारखी नाल्यातून ललिताबाईच्या झाडाकडे निघाली. नाल्यात अस्वलीण होती, पिलासकट.

मनिराम भिंतीपासून हलला नाही. "ललिताबाई, मी तुले येकच गोस्ट इचारतो. अर्ध्या टोपलीवर गानं काऊन बंद केलीस?"

"नाही केली." तिच्या गळ्यातून हवा आली. "आपोआप झालं. मी चालू करून राहिली होती त होये नाही."

"तीन वरसं नाही झालं आपोआप."

"मी हाका देल्ली रे भाऊ."

तिनं हाका दिल्या होत्या. त्या गळ्यानं.

मग तिनं लुगड्याच्या ओच्यातून मोबाईल काढला आणि राजदीपच्या हातात ठेवला. काचेवर तिच्या अंगठ्याचे तांबडे ठसे होते, मधोमध, एकावर एक, वीस-पंचवीस तरी. "तू वाच. मी वाचली, पन ह्याहिले वाटते मी आपल्या मनचं सांगून राहिली. तू शिकलेला आहेस. तू सांग ह्याहिले."

राजदीपनं बोट लावलं. पडदा उजळला. आधी त्याच्या दीड महिन्याच्या मुलीचा फोटो आला, मूठ तोंडात घातलेला. त्यावर व्हिडिओचं चित्र राखेसारखं फिकं पडलं होतं. ते दाबल्यावर ठळक, मोठ्या अक्षरांत उमटलं: आजची वेळ संपली. हे ॲप उद्या पुन्हा सुरू होईल.

त्याच्या कानात काहीतरी सुरू झालं, मिलचा पट्टा तुटायच्या आधी वाजतो तसं.

रविवारची दुपार होती. माय बाळंतिणीच्या मदतीला येऊन आठवडा झाला होता. बाळ झोपलं की नेमका तिचा मोबाईल दणक्यात वाजायचा, दिवा लुकलुकायचा, बाळ दचकून रडायचं. त्याची बायको स्नेहल वैतागून त्याला म्हणाली, "अहो, आईंचा मोबाईल आहे का बँडपार्टी?" दोघं तोंड दाबून हसले. माय बाळाशेजारी डुलकी काढत होती. तिच्या उशाशी तो मुकाबला आपला चालूच. राजदीपनं मोबाईल हळूच उचलला. मिलमधले सगळे त्याच्याकडून मोबाईल नीट करून घेत. त्याला आपला हात लागला की वस्तू शहाणी होते असं वाटायचं. त्यानं रिंग अर्ध्यावर आणली. दिवा बंद. बटनांचा आवाज बंद. पडदा पंधरा सेकंदांत विझेल असा केला. मागच्या पानांवर विखुरलेली चित्रं एका खणात गोळा केली. मागे मुलीचा फोटो लावला. आणि शेवटी व्हिडिओला रोजची अर्ध्या तासाची मर्यादा घातली. तो आकडा बसवताना त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आपण मायची काळजी घेतो आहोत असं वाटलं होतं. तिला उठवून विचारावं असं वाटलं नव्हतं.

ती जागी झाल्यावर तो म्हणाला, "माय, तुहा मोबाईल सुधरवून ठेवलो."

"काऊन? काय बिघडलं होतं?"

"काहीच नाही. आता शांत झाला, बस."

तिनं काचेवरची नात पाहिली, बोटानं तिचा गाल पुसला आणि खूश झाली. सोमवारी दुपारच्या गाडीनं गावी गेली. मंगळवारी झुंजुरक्याला मोहाखाली. तिथं तो मोबाईल बरोबर अर्धा तास गायला.

"काय लिवलं आहे?" मनिराम विचारत होता.

राजदीप वाचू शकत होता. ते वाक्य मराठीतच होतं. तो म्हणाला, "कंपनीकडून येते असं कधी कधी, काका. अपडेट. आपोआप बंद होते."

"म्हंजे कंपनीनं बंद केलन?"

"हो."

"घ्या!" बायांतली एक पुढं आली. तिनं कमरेचा मोबाईल काढून दाखवला. "हा घे. तेच दुकान, तेच कंपनी, ललिताबाईच्या संगंच घेतली मी. माहा काऊन नाही बंद पडत मंग? लेकरू मायची बाजू घेऊन राहिलं, दुसरं काय."

ललिताबाईनं राजदीपकडे पाहिलं. तिला तिच्या मुलाच्या शब्दांवर विश्वास होता आणि तो अपुरा का पडतो आहे हे तिला कळत नव्हतं. "नीट सांग ना, बाबू," ती म्हणाली. "त्या तुह्या भासेत नोको. सगळ्याहिले समजन असं सांग."

आतलं दार उघडलं. नर्स बाहेर आली, हातात रिकामा ट्रे. "प्रेमिला के साथ कौन है?"

मनिराम भिंतीपासून सुटला. "मी. मी आहो."

"जान बच गई. सिर पे बहुत टाके लगे." ती थांबली. "दाहिनी आँख नहीं बची, काका. डॉक्टरसाहब आके बताएँगे."

मनिरामनं हळूहळू मान डोलावली, जणू कुणी त्याला गाडीची वेळ सांगितली होती. मग त्यानं आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं, आणि चप्पल नाही हे त्याला तेव्हा कळलं. तो ती व्हरांड्यात शोधू लागला. बाकाखाली वाकला. कोपऱ्यात पाहिलं. त्याला मदत करायला कुणी पुढं झालं नाही. शोधता शोधता तो ललिताबाईसमोर आला आणि तसाच वाकलेला बोलला.

"तुह्या गान्याच्या भरवशावर जाये ते, बाई."

ललिताबाईचे ओठ हलले. या वेळी हवाही आली नाही. दोन्ही बायांनी नजर वळवली. गावात आता हेच चालणार होतं, राजदीपला दिसत होतं. पुढच्या मोहाला, तेंदूपत्त्याला, विहाराच्या पायरीवर, त्याच्या मुलीच्या लग्नातसुद्धा: ही ती बाई, जिनं गाणं बंद केलं. आणि ती आयुष्यभर कुजबुजत सांगणार की मी नाही केलं.

"काका," तो म्हणाला. "मायनं नाही केलं."

"कंपनीनं केलन. सांगितलास तू."

"कंपनीनंही नाही. मी केलो."

मनिराम सरळ झाला.

"रविवारी मीच केलो. सेटिंग. दिवसाले अर्धा तास झाला का व्हिडिओ बंद. मायले विचारलो नाही. मायले माहीत बी नव्हतं."

मनिरामला एकेक शब्द कळत होता, पण त्यांचा मेळ लागत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर राजदीपला बरं वाटलं असतं. त्यानं नुसतं विचारलं, "कायले?"

"काय?"

"कायले केलास? गानं चांगलं चालू होतं ना. कायले बंद केलास?"

राजदीपजवळ उत्तर होतं. रविवारी दुपारी ते किती साधं होतं. ते तोंडाशी आलं तेव्हा त्यात काय आहे हे त्याच्या लक्षात आलं, पण तोवर ते बाहेर पडलं होतं.

"डोळे," तो म्हणाला. "पाहून पाहून मायचे डोळे खराब होऊ नये म्हणून."

व्हरांड्याच्या टोकाला कुणाचं तरी लेकरू खोकत होतं. नर्सनं ट्रे काखेत धरला होता आणि ती आत जायचं विसरली होती. ती मोबाईलवाली बाई खाली बसली. तिनं आपला मोबाईल पदराखाली लपवला.

राजदीपनं हातातला मोबाईल मायपुढे धरला. का धरला ते त्याला सांगता आलं नसतं. "माय, आत्ता काढून टाकतो. दोन मिनटात होते. पहिल्यासारखा करून देतो."

ललिताबाईनं मोबाईलकडे पाहिलं. काचेवर मूठ चोखणारी नात होती आणि तिच्या गालावर ते तांबडे ठसे. मग तिनं मुलाकडे पाहिलं. एखाद्या अनोळखी घरात शिरल्यावर माणूस आधी दारं कुठं आहेत ते पाहतं, तसं.

पंधरा सेकंद झाले. काच काळी पडली.

ती बाकावरून उठली. पायातली स्वतःची चप्पल काढून तिनं मनिरामच्या अनवाणी पायाशी ठेवली, लुगड्याचा पदर खांद्यावरून घट्ट ओढला आणि मुलाच्या पुढं आलेल्या हाताला वळसा घालून व्हरांड्यातून उन्हात बाहेर निघून गेली.